अंबरनाथचं शिवालय पाहाल तर मागच्या बाजूनेही पाहा!

स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा पकडा आणि 'शिवमंदिर' एवढंच सांगा. वालधुनी नदीच्या काठावर हे काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. उत्तर दारावरच्या लेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. काम त्याचा भाऊ छित्तराजाच्या काळात सुरू झालं असं अभ्यासक मानतात.

बरेच जण याला 'हेमाडपंती' म्हणतात. पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं! शैली आहे भूमिज. गाभाऱ्याच्या मागे जाऊन मान वर करा: शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेल्यात, अगदी कणसावरच्या दाण्यांसारख्या. सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्यांना ही ठेवण लगेच ओळखू येईल. मग नजर खाली आणा. तळाच्या थरात हत्ती, वर देवदेवता आणि सुरसुंदरी. भिंत इतक्या कोनांत मोडलीय की सपाट जागा शोधावी लागते.

आत सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. शिखराला माथा नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आकाश दिसतं. मला हीच जागा सगळ्यात भावते.

देवळाचं तोंड पश्चिमेला, म्हणून दर्शनी भागाचे फोटो दुपारनंतर छान येतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, तेव्हा कोरीवकाम निवांत बघायला दुसरा दिवस निवडा. आणि कृपा करून मूर्तींना तेल, शेंदूर लावू नका.