ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये अख्खा माणूस
(लेखांक सातवा)

मध्य प्रदेशातल्या बिरसा तहसिलीत मलाजखंड आहे आणि मलाजखंडला हिंदुस्थान कॉपर या केंद्र सरकारी कंपनीची तांब्याची खाण. वर्षानुवर्षं उघड्या खड्ड्यातून तांबं निघालं, आता काम जमिनीखाली उतरलंय. अशा कुठल्याही मोठ्या कामावर कंपनीचा कायम कर्मचारी आणि ठेकेदाराचा माणूस एकाच गेटातून आत जातात, पण दोघांच्या माहितीच्या वाटा वेगळ्या असतात. पहिल्याची फाइल कार्मिक विभागाच्या कपाटात कुलपाखाली असते. दुसऱ्याची फाइल बहुधा नसतेच. तिच्या जागी ठेकेदाराच्या मुन्शीचा मोबाइल असतो.

खाण असो, बांधकाम असो की राइस मिल, छोट्या ठेकेदाराकडची भरती अशी होते. मुन्शी सांगतो, "आधार टाक, पासबुक टाक, समग्र आयडी टाक, अन् एक फोटो." माणूस एमपी ऑनलाइनच्या दुकानात जातो. दुकानदार सगळं स्कॅन करून मुन्शीला व्हॉट्सअ‍ॅप करतो. एक प्रत त्याच्या कॉम्प्युटरवर राहून जाते, कारण पुसायला कुणी सांगितलेलं नसतं. इकडे मुन्शीच्या गॅलरीत चाळीस जणांचे आधार त्याच्या भाच्याच्या लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात. पुढे ते ग्रुपवर जातात, पीएफ भरणाऱ्या सल्लागाराकडे जातात, गेटपाससाठी सुरक्षा ठेकेदाराकडे जातात. मुन्शी काम सोडून गेला तर मोबाइलही त्याच्याबरोबर जातो.

माहिती मागण्यात ठेकेदाराचं काही चुकत नाही, हेही सांगायला हवं. २०१७ साली केंद्राने अनेक कामगार कायद्यांची रजिस्टरं एकत्र करून जो 'फॉर्म ए' काढला, त्यात नाव, वडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, शिक्षण, मोबाइल, पॅन, आधार, बँक खातं, दोन्ही पत्ते, अंगावरची ओळखखूण, फोटो आणि सही किंवा अंगठा, इतकं सगळं भरायचं असतं. म्हणजे एका ओळीत अख्खा माणूस. तो ओढून घ्यायला कायदा लावतो, पण घेतल्यावर तो कुठे ठेवायचा, याकडे बराच काळ कुणी फारसं बघितलं नाही.

आता त्यासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. मालकाला माहिती नीट सांभाळावी लागेल: कोण बघू शकतं यावर बंधन, कुणी कधी उघडली याची नोंद, आणि फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची फुटली त्याला कळवणं. सल्लागाराकडून फुटली तरी जबाबदारी ज्याने त्याला ती दिली त्याचीच. सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मुन्शीची कागदी वही मात्र या कायद्यात येत नाही. तिचा फोटो मोबाइलमध्ये आला की येते.

आकडा ऐकून मजूर खूश होईल, पण हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचा आधार फुटला त्याच्या हाती दमडी पडत नाही. नुकसानभरपाई मागायची एक वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये होती. नवा कायदा पूर्ण लागू होताना ते कलम काढून टाकलं जाणार आहे. माझ्या मते हा सौदा मजुराला महागात पडणारा आहे.

याहून बारीक मेख नव्या कायद्याच्या कलम ७ आणि कलम ११ मध्ये आहे. नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा कलम ७ देतं. ठीक आहे, पगार काढायला दर महिन्याला कोण सही घेत बसेल? पण 'माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, दाखवा' म्हणण्याचा कलम ११ मधला हक्क आहे तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता. दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली की मजुराची पंचाईत कळते: मालकाला विचारायची गरज नाही, आणि विचारलं नाही म्हणून मजुराला बघायचा हक्क नाही. उरतं ते तक्रार नोंदवणं.

याउलट साहेबाच्या फाइलचं संरक्षण किती भक्कम, याचा दाखला आपल्या विदर्भातला आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती एका नागरिकाने २००८ मध्ये माहितीच्या अधिकारात मागितली: मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता, आयकर विवरणं, अगदी मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंपर्यंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने ही माहिती वैयक्तिक ठरवली. कर्मचारी आणि मालक यांच्यातला तो मामला, मोठं जनहित दाखवल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही. निकाल पटो न पटो, त्या अधिकाऱ्याची फाइल होती आणि तिला कुलूप होतं.

मजुराची अडचण उलटी आहे. त्याची माहिती गावभर फिरते, पण त्याला लागते तेव्हा त्याच्याच हाती येत नाही. झाबुआ, अलीराजपूर, धारचे आदिवासी गोध्र्याकडच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. भरपाई मागायची वेळ आली तेव्हा तिथे काम केल्याचा कागद बहुतेकांजवळ नव्हता. २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ साल उजाडलं. तेही संघटना आणि मानवाधिकार आयोग मध्ये पडले म्हणून.

म्हणून खाणीत काम करणाऱ्याने एक कागद सोडू नये: फॉर्म ओ. १९५५ च्या खाण नियमांतला हा वैद्यकीय तपासणीचा दाखला तीन प्रतींत निघतो. एक तपासणाऱ्याकडे, एक खाण व्यवस्थापकाकडे आणि एक ज्याची तपासणी झाली त्याच्या हातात. ती तिसरी प्रत मागून घ्यायची. कामाला लागताना छाती कशी होती याचा तोच पुरावा, आणि पुढच्या तपासणीशी तो ताडून बघता येतो. ठेकेदाराकडे कामाला लागताना नियुक्तीपत्र मागायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते सक्तीचं केलंय. पीएफ कापतो म्हणत असेल तर महिना-दीड महिन्याने यूएएनचं पासबुक उघडायचं. त्यात ठेकेदाराच्या आस्थापनेचं नाव आणि महिना दिसतो. ठेकेदार उद्या गाशा गुंडाळून गेला तरी ती नोंद त्याला पुसता येत नाही. पीएफसाठी पूर्ण आधार द्यावाच लागतो. पण नुसत्या ओळखीपुरता कुणी मागितला तर शेवटचे चारच अंक दिसणारा आधार डाउनलोड करून द्यायचा. आणि दुकानातून निघताना, "भाऊ, स्कॅन पुसा," म्हणून तो पुसेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

पुढच्या आठवड्यात अंगठ्याच्या हजेरीबद्दल.