कळ कुठवर येते?

दुखतं पोटरीत, आणि डॉक्टर बोटं फिरवतात कमरेवर. सायटिका झालेला माणूस सगळ्यात आधी इथेच बुचकळ्यात पडतो. मीही पडलो होतो. तीन आठवडे मी पोटरीला तेल चोळत होतो, गरम पाण्याची पिशवी धरत होतो, रात्री घरातलं कोणीतरी पाय दाबून देत होतं. पायाचा काहीच दोष नव्हता. बेलचं बटण दाराबाहेर असतं आणि आवाज स्वयंपाकघरात येतो, तसा हा प्रकार. तक्रार कमरेत सुरू होते आणि वायर जिथवर गेली आहे तिथवर वाजत राहते.

ती वायर म्हणजे शरीरातली सगळ्यात जाड नस. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्यांच्या खालच्या त्रिकास्थीतून निघणारी नसांची मुळं एकत्र येऊन ती बनते. कुल्ल्याच्या स्नायूंखालून ती मांडीच्या मागच्या बाजूला उतरते, गुडघ्याच्या जरा वर तिचे दोन फाटे होतात आणि ते पार बोटांपर्यंत जातात. चरकसंहितेत या दुखण्याला गृध्रसी म्हटलं आहे, आणि कुल्ला, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी उतरत जाणारी वाट तिथे क्रमाने सांगितली आहे. नस डोळ्यांनी न दिसताही रोग्यांचं बोलणं ऐकून ती वाट कोणीतरी टिपून ठेवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता कमरेत नेमकं काय होतं ते पाहू. आपल्याकडे कोणी म्हणतं गादी सरकली, कोणी म्हणतं मणक्यांत गॅप आला. दोन्ही शब्दांनी चुकीचं चित्र उभं राहतं. दोन मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते, ती ड्रॉवरसारखी सरकत नाही. तिच्या कडेला चिवट तंतूंचे थरावर थर असतात आणि मध्ये पाणीदार, लिबलिबीत गर. थर झिजले, चिरले की गर मागच्या बाजूला फुगतो, कधी फुटून बाहेर येतो, आणि नसेचं मूळ नेमकं तिथूनच जात असतं. गॅपचं म्हणाल तर उलटंच घडतं. गादीतलं पाणी कमी झाल्यावर दोन मणक्यांमधलं अंतर वाढत नाही, घटतं. या दुखण्याचं मूळ फुटलेल्या गादीत असू शकतं हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली ठामपणे मांडलं, तेव्हापासून उपचारांची दिशाच बदलली.

पण 'नस दबली' एवढ्यावर गोष्ट संपत नाही. स्वीडनमध्ये १९९३ साली डुकरांवर एक प्रयोग झाला. गादीतला गर नसेच्या मुळावर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही, तरीही नसेचं काम बिघडलं. म्हणजे तो गर नसेला रसायनासारखा झोंबतो, तिथे दाह होतो. सुरुवातीचे दिवस इतके आगीसारखे का जातात, आणि दाह ओसरला की गादी तशीच असतानाही माणूस चालू-फिरू कसा लागतो, हे यातून उलगडतं. शिवाय बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो, आणि रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. पूर्ण फुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा अधिक विरघळतो. रिपोर्टमध्ये 'मोठी हर्निएशन' वाचून रात्रभर जागणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

रिपोर्टबद्दल आणखी एक. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत गादीचा फुगवटा दिसला होता. म्हणून एमआरआय एकटा काही सांगत नाही. पायातली कळ आणि चित्रातली जागा जुळली तरच त्याला अर्थ.

ती जुळणी थोडीफार आपल्यालाही करता येते. कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने येऊन पावलावरून अंगठ्याकडे जात असेल आणि टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल, तर बहुधा कमरेच्या पाचव्या मणक्याजवळची नस. पोटरीच्या मागून तळव्याकडे, करंगळीकडे जात असेल आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर तिच्याखालची. डॉक्टर उताणं निजवून पाय सरळ ठेवून वर उचलतात तेव्हा नस ताणली जाते, आणि साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नसेच्या मुळाचा संशय बळावतो. फ्रान्सच्या लासेग यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते.

इथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती उशिरा कळून चालत नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसताना खाली जिथे टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ जाऊ लागलं, तर घरी एक रात्रही काढू नये. ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठावं. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुपका दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यात तासांनी फरक पडतो. पायातली चप्पल नकळत निसटू लागली, पाऊल घासू लागलं, तरी लवकर दाखवावं. कंबरदुखीसोबत ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्यायलाच हवा, आपल्या देशात तो दुर्मीळ नाही.

हे काही नसेल तर कामाला लागायचं, आणि काम एकच: कळ कुठवर येते याची नोंद ठेवायची.

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या आपल्या दवाखान्यात रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रोग्याला पालथं निजायला सांगितलं. आधीच्या रोग्यासाठी टेबलाचं डोक्याकडचं टोक उचललेलं होतं, ते खाली करायचं राहिलं होतं. मॅकेन्झी दुसऱ्या कामात अडकले. परत आले तर तो गृहस्थ कमरेतून मागे वाकलेल्या अवस्थेत पडलेला. ते घाबरलेच. पण तो म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पायातली कळ गेली होती, कमरेत मात्र दुखत होतं. यातून मॅकेन्झींनी एक नियम बांधला. कळ बोटांकडून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत अशी वर सरकत असेल तर आपण योग्य ते करतो आहोत, मग भले कमरेत थोडं जास्त का दुखेना. आणि कंबर हलकी वाटली तरी कळ खाली उतरत असेल तर ते थांबवायचं.

मला हे एका फिजिओथेरपिस्टने समजावलं, त्या दिवसापासून माझी भीती निम्म्याने कमी झाली. दुखतंय की नाही यापेक्षा कुठे दुखतंय हे विचारायला मी शिकलो. करायचं ते असं. पलंगावर नको, चटईवर पालथं पडायचं, दोन-तीन मिनिटं नुसतं. जमलं तर पेपर वाचताना टेकतो तसं कोपरांवर टेकायचं. तेही जमलं तर तळवे टेकून छाती उचलायची, ओटीपोट जमिनीलाच ठेवायचं, कुल्ले सैल सोडायचे. भुजंगासन माहीत असणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दर वेळी उठल्यावर स्वतःला विचारायचं: आता कळ कुठवर आहे?

सगळ्यांना हे मानवत नाही, आणि कोणाला नाही तेही सांगायला हवं. साठी ओलांडलेले काही जण शंभर पावलं चालले की त्यांचे दोन्ही पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं, बाजारात ढकलगाडीवर ओणवं होऊन चाललं की लांबवर जाता येतं. त्यांच्यात बहुधा नसांचा बोगदाच अरुंद झालेला असतो. मागे वाकल्याने तो आणखी आवळतो. त्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.

सकाळचा पहिला तास गादीच्या दुखण्यात नाजूक असतो. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून टम्म फुगतात. त्या वेळी वाकलं की गादीवरचा ताण दुपारपेक्षा जास्त येतो. आपल्याकडे तर वाकण्याची सगळी कामं त्याच तासात: केर काढणं, फरशी पुसणं, पाण्याची बादली उचलणं, आणि व्यायामाची शिस्त असलेल्यांचे सूर्यनमस्कार. कळ असेपर्यंत ही कामं तासाभराने करावीत किंवा दुसऱ्याने करावीत. पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं तूर्त बंद. मांडी घालून तासन्‌तास बसणं, एसटीची मागची सीट, खड्ड्यांतून दुचाकी, मागच्या खिशातलं जाड पाकीट यांनाही काही आठवडे रजा द्यावी.

मात्र अंथरूण धरू नये. नेदरलँड्समध्ये १८३ रोग्यांवर झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. निम्म्यांना दोन आठवडे झोपून राहायला सांगितलं, बाकीच्यांना जमेल तेवढं हिंडाफिरायला. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोक सुधारलेले होते. झोपून राहिलेल्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. रात्री मात्र झोप हवीच. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, किंवा उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात.

शेकाने स्नायूंचा आवळ सुटतो, म्हणून मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, गरम पिशवी, काहीही चालेल, फक्त कमरेला. बधिर झालेल्या पायाला शेक देऊ नये, विशेषतः मधुमेह्यांनी. कातडीला कळत नाही आणि फोड येतात. बिब्बा तर लावूच नये. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत माझ्या आजोळी होती. नुसता स्पर्श असेल तर मी त्याला हरकत घेणार नाही, पण उसण भरलेल्या पाठीवर लाथ मारणं आणि नसेचं मूळ सुजलेल्या पाठीवर लाथ मारणं यात फार फरक आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. वेदनाशामक काही दिवस उपयोगी पडतात, पण मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटातला व्रण असेल तर विचारल्याशिवाय नकोत. नसेच्या दुखण्यावर सर्रास दिली जाणारी प्रेगाबालिन ऑस्ट्रेलियातल्या २०९ रोग्यांच्या चाचणीत, २०१७ साली, खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावी.

आणि शस्त्रक्रिया? २००७ साली नेदरलँड्समधलाच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड ते तीन महिने तीव्र कळ सोसलेल्या २८३ जणांपैकी काहींवर लगेच शस्त्रक्रिया ठरवली, बाकीच्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के पुढे टेबलावर गेलेच. लगेच गेलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेरीला दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे पायातलं बळ शाबूत असेल तर हा निर्णय घाईचा नाही. आणखी किती दिवस सोसवेल, नोकरी किती थांबेल, हे बघून तो रोग्यानेच घ्यायचा.

मी थांबलो. सहाव्या आठवड्यात कळ पोटरीतून मांडीत आली, नवव्यात कुल्ल्यात, मग एका सकाळी फक्त कमरेत उरली. करंगळीतला बधिरपणा मात्र हटेना, आणि मला वाटलं काहीतरी कायमचं गेलं. फिजिओथेरपिस्टने हिशेब करून दाखवला. इजा झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि कमरेपासून करंगळीपर्यंत जवळपास मीटरभर अंतर. मी कॅलेंडरवर जवळपास पावणेतीन वर्षांनंतरचा महिना शोधला आणि तिथे बारीक खूण करून ठेवली.