ग्राफिक्स कार्डाची परीक्षा

हैदराबादेत जन्मलेले भौतिकीविज्ञ अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत द्रव आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकाकरवी गणून दाखविली. आज प्रथिन आणि सभोवतालचे पाणी मिळून लाखभर अणूंचे सदृशीकरण करणे नित्याचे झाले आहे. सेकंदाचे दहा कोटी-कोटी भाग केले, तर त्यांतील दोन भागांएवढे एकेक पाऊल असते. म्हणून सेकंदाच्या दशलक्षांश भागासाठी पन्नास कोटी पावले गणावी लागतात. प्रत्येक पावलाला अणूंच्या असंख्य जोड्यांमधील बले काढावयाची असतात. हे काम हजारो हातांनी एकाच वेळी होण्याजोगे असल्याने, मूळ चित्रांसाठी घडविलेले ग्राफिक्स कार्ड त्याला फार मानवते.

कधी अपेक्षित वेग मिळत नाही. तेव्हा आज्ञावलीने लिहिलेल्या नोंदीचा आरंभ प्रथम वाचावा. कार्ड चालविणारा ड्रायव्हर जुना असल्यामुळे किंवा आज्ञावली कार्डाच्या आधाराविना बांधली गेल्यामुळे सगळे गणित मुख्य प्रक्रियकच करीत असल्याचे पुष्कळदा तेथेच आढळते. कधी अणू भरकटून सदृशीकरण कोसळते. त्याचा दोष बहुधा कार्डाचा नसतो. आरंभीच्या रचनेत दोन अणू एकमेकांत घुसलेले असतात. तेच गणित मुख्य प्रक्रियकावर चालवून तेथेही कोसळते का, हे पाहावे.

खरा धोका मुकाट्याने चुकणाऱ्या कार्डाचा होय. खेळाच्या चित्रातील एक ठिपका क्षणभर चुकला, तर कोणाचे काही बिघडत नाही. येथे मात्र औषधाचा रेणू प्रथिनाला चिकटतो की नाही, याचेच उत्तर बदलू शकते.

ही चूक ओळखावी कशी? दोनदा गणून उत्तरे ताडून पाहावीत, असे सहज सुचते. पण त्यात एक मेख आहे. आठच अंक ठेवणाऱ्या हिशेबनिसाने १,००,००,००० मध्ये ०.४ दोनदा वेगवेगळे मिळविले, तर बेरीज हलत नाही, दोन्ही ०.४ आधी एकत्र केले, तर ती १,००,००,००१ होते. कार्डावरील हजारो हात कोणत्या क्रमाने बेरीज करतील याचा नेम नसतो, आणि अणूंच्या गतीत एवढासा फरकही झपाट्याने वाढत जातो. त्यामुळे निर्दोष कार्डाचीही दोन उत्तरे जुळतीलच असे नाही.

अँबर या आज्ञावलीतील एका पद्धतीने बलांची बेरीज पूर्णांकांत केली जाते. पूर्णांकांच्या बेरजेला क्रमाची बाधा नाही. तेव्हा तेच कार्ड, तीच आज्ञावली, तीच आरंभस्थिती आणि यादृच्छिक संख्यांचे तेच बीज असल्यास ऊर्जेचा शेवटचा अंकही जुळला पाहिजे. तो न जुळल्यास संशय कार्डावर. मग त्याचा वेग उतरवून, ते थंड राखून, परीक्षा पुन्हा घ्यावी. तरीही अंक जुळत नसतील, तर कार्ड बदलावे आणि त्यावर आधी काढलेली उत्तरे दुसऱ्या कार्डावर नव्याने गणावीत.