आकाशाच्या खतावणीतील फरक

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर उमगते. दिवसअखेर रोजमेळात दहा पैशांचा फरक आला, तर प्रश्न दहा पैशांचा नसतो. कधी कधी दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून टाकतात आणि उरलेले दहा पैसे तेवढे वर दिसतात. म्हणूनच हाताने खतावण्या लिहिल्या जात त्या काळात पेढीवर काय किंवा बँकेत काय, मेळ बसल्यावाचून दिवसाचे काम संपले असे कोणी मानीत नसे. फरक उचंत खात्यात टाकून मोकळे होणे सोपे. तो कोठून आला याचा माग काढणे कठीण.

आकाशाचा हिशेबही मानवाने असाच शतकानुशतके ठेवला आहे. आपल्या परंपरेतील ‘सूर्यप्रज्ञप्ती’ या आगमग्रंथात पाच वर्षांचे एक युग, त्याचे १८३० दिवस आणि त्यांत ६२ चांद्रमास अशी गणना आहे. आजच्या सूक्ष्म मापाने ६२ चांद्रमासांचे सुमारे १८३०.९ दिवस भरतात. दुर्बीण नसलेल्या काळात पाच वर्षांच्या हिशेबात एका दिवसाहूनही कमी फरक यावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. परंतु तो फरक साठत जातो, आणि साठलेला फरक पुढच्या पिढीला अधिक सूक्ष्म गणित करावयास लावतो.

सौरमालेविषयीचे काही मोठे शोध अशाच न जुळणाऱ्या हिशेबातून लागले आहेत. बँकेच्या ताळमेळात फरक येण्याची मुख्य कारणे तीन. एक, रक्कम निघाली आहे पण अजून वाटेत आहे. दोन, एखादी नोंद राहून गेली आहे. आणि तीन, हे क्वचितच घडते, आकारणीचा नियमच अपुरा आहे. गुरू, युरेनस आणि बुध या तीन ग्रहांनी या तिन्ही कारणांचे धडे दिले.

वाटेत असलेला प्रकाश

गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. त्यांपैकी आयो हा चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो. ही ग्रहणे म्हणजे आकाशात टांगलेले घड्याळच. निरनिराळ्या गावांतून ती पाहिली, तर त्या गावांच्या रेखांशांतील अंतर काढता येते. नकाशे आणि दूरदेशीचा व्यापार यांसाठी ही विद्या मोलाची होती. म्हणून पॅरिसच्या वेधशाळेत कॅसिनी यांच्या देखरेखीखाली या ग्रहणांची कोष्टके काटेकोरपणे ठेवली जात.

तरीही मेळ बसेना. पृथ्वी गुरूपासून दूर जात असे तेव्हा ग्रहणे उशिरा होत, जवळ येत असे तेव्हा लवकर. तेथे काम करणारे डॅनिश ज्योतिर्विद ओले रोमर यांनी १६७६ मध्ये आधीच सांगून ठेवले, की ९ नोव्हेंबरचे ग्रहण कोष्टकातील वेळेपेक्षा दहा मिनिटे उशिरा दिसेल. तसेच घडले. आयो वेळेवर होता. उशीर प्रकाशाला होत होता! धनादेश दिल्या तारखेलाच निघाला, पण तो पोहोचण्याचे अंतर वाढले, असा हा प्रकार. प्रकाश क्षणार्धात सर्वत्र पोहोचतो ही अनेक विद्वानांची समजूत या दहा मिनिटांनी हादरली. खुद्द कॅसिनी यांना हे स्पष्टीकरण पटले नाही. सुमारे अर्धशतकाने इंग्लंडमध्ये ब्रॅडली यांनी ताऱ्यांचे वेध घेतले, तेव्हा त्याला बळकटी मिळाली. आज आपण जाणतो, की सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. म्हणजे जो सूर्य आपण पाहतो, तो नेहमी आठ मिनिटांपूर्वीचा असतो.

राहून गेलेली नोंद

विल्यम हर्शेल हे व्यवसायाने संगीतज्ञ. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधील बाथ गावी त्यांनी आपल्या दुर्बिणीतून युरेनस पाहिला. त्याला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे ८४ वर्षे लागतात. गणितज्ञांनी त्याचा मार्ग आखला, पण ग्रह त्या मार्गावर राहीना. फ्रान्सच्या बूव्हार यांनी १८२१ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत जुने वेध जुळत नव्हते, म्हणून ते बाजूला ठेवून केवळ नव्या वेधांवर गणित उभारले. काही वर्षांतच ग्रह त्या नव्या कोष्टकांतूनही निसटला. जुन्या वह्या मिटून ठेवल्याने फरक मिटत नाही, हे येथे पुन्हा दिसले.

मग पॅरिसमध्ये ल व्हेरिए आणि केंब्रिजमध्ये अ‍ॅडम्स यांनी स्वतंत्रपणे उलट बाजूने गणित मांडले. युरेनसला ओढणारा एखादा अज्ञात ग्रह असेल, तर तो कोठे असावा? ल व्हेरिए यांचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले. त्याच रात्री गाले आणि त्यांचे सहकारी द’अरेस्ट यांनी नकाशाशी ताडून पाहिले, तो सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. कागदावरील फरकातून एक अख्खा ग्रह हाती आला.

याहून विस्मयकारक गोष्ट पुढे आहे. जुने कागद चाळता असे दिसले, की गॅलिलिओने १६१२ च्या डिसेंबरात आणि १६१३ च्या जानेवारीत नेपच्यूनची नोंद केली होती, पण तारा म्हणून. पॅरिसमध्ये लालांद यांच्या वेधशाळेत ८ आणि १० मे १७९५ रोजी तो दोनदा नोंदला गेला. दोन दिवसांच्या जागा जुळेनात, तेव्हा पहिली नोंद चुकीची समजून सोडून देण्यात आली. वास्तविक दोन्ही नोंदी बरोबर होत्या. त्या दोन दिवसांत ग्रहच पुढे सरकला होता. तो फरक कोणी मनावर घेतला असता, तर नेपच्यून अर्धे शतक आधी हाती लागला असता. १८४६ मध्ये सापडलेल्या या ग्रहाने सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण केली ती थेट २०११ मध्ये.

नियमच अपुरा

बुधाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, आणि तिचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. इतर ग्रहांच्या ओढीने तो किती सरकावा याचे गणित करून पाहिले, तर शंभर वर्षांत ४३ विकला अधिक भरतात. एका अंशाच्या ३६०० विकला. म्हणजे हा फरक एक अंश होण्यास आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील! तरीही ज्योतिर्विदांनी तो सोडला नाही. तो प्रथम दाखविला ल व्हेरिए यांनीच, १८५९ मध्ये, आणि त्यांनी उत्तरही तेच दिले: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असला पाहिजे. त्या ग्रहाला ‘व्हल्कन’ असे नावसुद्धा मिळाले. त्याचा वर्षानुवर्षे शोध झाला. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तो दिसल्याचे दावेही झाले. पण तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि त्यातून त्या ४३ विकला कोणताही नवा ग्रह न कल्पिता आपोआप मिळाल्या. या वेळी नोंद राहिलेली नव्हती. न्यूटनचा नियमच सूर्याच्या इतक्या निकट थोडा अपुरा पडत होता.

ल व्हेरिए यांची बुद्धी तीच, परिश्रम तेच, प्रामाणिकपणा तोच. तरी एका उत्तराने त्यांना कीर्ती दिली आणि त्याच उत्तराने पुढे चकविले. एकदा लागू पडलेली किल्ली प्रत्येक कुलपाला लागेल असे मानणे, यालाच आपले आचार्य एकांत म्हणतात. उलट न्यूटनचा नियम खोटा ठरला असेही नाही. आजही यान चंद्राकडे पाठविताना बहुतांश गणित त्याच नियमाने होते. तो एक नय आहे. आपल्या मर्यादेत सत्य, मर्यादेबाहेर अपुरा. अनेकांतवाद केवळ प्रवचनात ऐकण्याचा विषय नव्हे, तो बुधाच्या कक्षेतही दिसतो.

आज आपल्या दुकानांतील हिशेब संगणक करतो आणि मेळ क्षणात बसतो. सोय मोठी आहे. पण न जुळणारी रक्कम किरकोळीत टाकण्याची सोयही तेवढीच मोठी झाली आहे. नव्या पिढीच्या हाती गल्ला सोपविताना तिला एवढे अवश्य सांगावे: फरक दिसला की आधी तो मान्य करावा, मग तो वाटेत आहे, राहून गेला आहे, की आपल्या गृहीतातच उणीव आहे, हे शांतपणे तपासावे. पहिल्या दोन प्रश्नांना कष्ट पुरतात. तिसऱ्यासाठी मात्र आग्रह सोडावा लागतो, आणि हिशेबातले तेच सर्वांत कठीण काम आहे.