उजवीकडे सरकवायचं, मग वजा कशाला?

आलेखावरची रेषा उजवीकडे सरकवायची तर क्षमध्ये मिळवायचं, असं मुलं हमखास धरून चालतात. पुस्तकात मात्र वजा असतं आणि ते निमूटपणे पाठ केलं जातं. पाठ करण्यासारखं त्यात काही नाही.

इंदूरहून कन्नौदला जाणारी बस घ्या. बैतूल रस्त्याने ती ताशी ४० किलोमीटर जाते असं धरू. क्ष म्हणजे ठरलेल्या वेळेपासून उलटलेले तास, य म्हणजे इंदूरपासूनचं अंतर. समीकरण य = ४०क्ष. आज गाडी अर्धा तास उशिरा सुटली, म्हणजे रेषा तेवढीच उजवीकडे गेली. आता ती कुठवर पोचली हे काढायचं, तर घड्याळातल्या वेळेतून तो अर्धा तास वगळावाच लागेल. तेवढा वेळ ती स्टँडवरच उभी होती. म्हणून य = ४०(क्ष − १/२). (वाटेतल्या घाटात वेग पडतो आणि रेषा वाकते, हे खरं. पण गाडी रोजच्याच चालीने गेली तर ती वाकडी रेषाही जशीच्या तशी उजवीकडे सरकते.)

कंस सोडवला की य = ४०क्ष − २०. हीच रेषा मूळची २० किलोमीटर खाली उतरवूनही मिळते! उजवीकडे सरकवणं आणि खाली सरकवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा समज इथे कोसळतो. नुसती रेषा पाहून ती कुठल्या वाटेने आली ते सांगता येत नाही. अर्धा तास उजवीकडे आणि २० किलोमीटर वर, असं दोन्ही केलं तर ती जागची हलतसुद्धा नाही.

‘५ एकक वर सरकवली, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर ५’ हेही चूक. य = (३/४)क्ष ही रेषा ५ ने वर घ्या; लंबाने मोजलेलं अंतर ४ भरतं. रेषा आडवी असेल तरच ५. बसच्या आलेखात तर हा प्रश्न विचारूच नये: तास आणि किलोमीटर यांचं तिरकं अंतर मोजणार कशात?

राहिला मुंबईच्या रिक्षाचा घोळ. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २३ वरून २६ रुपये झालं. ‘तीन रुपये वाढले’ म्हटलं की भाड्याची अख्खी रेषा तीनने वर गेली, असं वाटतं. पण दर किलोमीटरला १५.३३ वरून १७.१४ झाला, म्हणजे चढच बदलला. आणि १७.१४ ची दीडपट जवळपास २६ येते, १५.३३ ची दीडपट २३. दोन्ही रेषा मागे वाढवल्या तर पैशांच्या फरकाने आरंभबिंदूतूनच जातात. रेषा सरकलेली नाही, फिरली आहे. दहा किलोमीटरच्या फेरीला वाढ तीन रुपयांची नसून सुमारे १८ रुपयांची आहे.