उरलेल्या मातीची झडती

उत्तर जर्मनीतल्या एम्सलँड भागात स्टार्चच्या कारखान्यांसाठी बटाटा पिकतो. हंगामात ट्रकमागून ट्रक येतात आणि बटाट्याला चिकटून गावोगावच्या शेतांची माती येते. धुलाईत ती खाली बसते, तिचे ढीग साचतात. अशी सकस माती शेतात परत टाकायला काय हरकत, असं कुणालाही वाटेल. पण एका शेतातली कीड सगळ्यांना वाटायची तर याहून सोपी वाट नाही. गेल्या दशकात इथे प्रतिकारक वाणांनाही न जुमानणारे सूत्रकृमी आढळल्यावर ही भीती आणखी वाढली.

म्हणून ढीग हलवण्याआधी त्याची तपासणी होते. प्रयोगशाळेत मातीचा नमुना आधी खडखडीत वाळवतात. मी विचारलं, एवढा वेळ कशाला घालवायचा? त्याचं कारण नंतर माती धुण्याच्या उभ्या डब्यासमोर कळलं. वाळलेल्या सिस्टमध्ये, म्हणजे सूत्रकृमीच्या अंड्यांच्या कडक पिशवीत, हवा भरते, त्यामुळे ती तरंगते. डब्यात पाण्याबरोबर माती सोडली की जड वाळू तळाशी जाते आणि हलकं ते काठावरून वाहत बारीक चाळणीवर येतं. ओल्या मातीतली सिस्ट मात्र वाळूबरोबर बुडू शकते.

चाळणीवरचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली येतो. तणाचं बी, मुळांचे तुकडे, किड्यांचे पाय यांतून तपकिरी, गोल कण ब्रशच्या टोकानं वेचायचे. खसखशीहून लहान असा तो कण म्हणजेच सिस्ट, मेलेल्या मादीचं कडक झालेलं शरीर. आत शेकडो अंडी. बटाटा लावला नाही तरी त्यांतली काही वीस वर्षंही तग धरतात.

खरं काम यापुढे. सिस्ट सापडली तरी आतली अंडी मेलेली असू शकतात. म्हणून सिस्ट फोडून अंडी निळ्या रंगात ठेवतात. मेलेली अंडी रंग धरतात, जिवंत धरत नाहीत. शंका उरली तर सिस्ट कुंडीत घालून वर बटाटा लावतात. मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली की अळ्या बाहेर पडतात आणि काही आठवड्यांनी मुळांवर माद्यांचे ठिपके दिसू लागतात.

सूत्रकृमी मारायला माती दीर्घकाळ पाण्याखाली ठेवतात. प्राणवायू संपतो आणि अंडी मरतात. हवा उबदार असेल तर लवकर. वाफेची उष्णताही चालते. पण त्याच ढिगात बटाट्याच्या चामखीळ रोगाची बुरशी असेल तर हिशेब बदलतो. तिचे जाड कवचाचे बीजाणू दशकानुदशकं टिकतात आणि सूत्रकृमींना मारणारी उष्णता पचवतात. एका किडीची चाचणी पास झाली म्हणून माती निर्धोक ठरत नाही.

आपल्याकडे निलगिरीत हा सूत्रकृमी १९६१ मध्येच सापडला. २०१८ मध्ये हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या बटाटा बेण्याच्या वाहतुकीवर त्याच्यामुळेच बंधनं आली. बेण्याबरोबर मातीही प्रवास करते, हे आपल्या बाजारात फारसं कुणी मोजत नाही. एम्सलँडमध्ये मात्र सूत्रकृमी आणि चामखीळ रोग या दोन्हींच्या चाचण्यांचे निकाल हाती येईपर्यंत ढीग हलत नाही. खात्री पटली नाही, तर ती माती पिकाखालच्या जमिनीत जात नाही, भरावासाठी वापरतात.