विल रॉजर्स : हसवणारा गुराखी

मंडळी, लोक आपल्याला हसले तर आपण गप्प बसतो. पण त्याच हसण्यातून ज्याने आपली वाट काढली, अशा एका गुराख्याची ही हकीकत आहे.

विल रॉजर्स यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८७९ रोजी अमेरिकेत, आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला. तो मुलूख तेव्हा चेरोकी या तिथल्या मूळ जमातीचा होता. विल यांच्या आईवडिलांकडे दोन्ही बाजूंनी चेरोकी रक्त होते. घरी गुरांची मोठी खिल्लारे. तिकडचा गुराखी घोड्यावरून दोराचा सरकफास फेकतो नि पळते जनावर धरतो. शाळेत विल यांचे मन लागले नाही, फास मात्र हातात पक्का बसला. त्याच्या जोरावर ते दक्षिण आफ्रिकेत सर्कशीत शिरले. १९०५ साली न्यूयॉर्कच्या एका खेळात बैल उधळून प्रेक्षकांत घुसला, तेव्हा तो आवरायला त्यांचाच फास कामी आला.

पुढे ते रंगमंचावर दोराचे खेळ करू लागले, तेही मुकाट्याने. एकदा खेळ समजावून सांगायला तोंड उघडले, तो त्यांचे गावरान बोलणे ऐकून लोक हसले. विल ओशाळले. पण सोबत्यांनी समजूत घातली, की लोक हसले म्हणजे खेळ रंगला! मग फास चुकला तरी ते त्यावर चार शब्द बोलत. हळूहळू रोजची वर्तमानपत्रे वाचून ते पुढाऱ्यांना चिमटे काढू लागले. १९१६ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन आपल्यावरची थट्टा ऐकून हसले. कारण विल यांचा चिमटा जागा करी, रक्त काढीत नसे.

१९२२ पासून त्यांचे साप्ताहिक लेख वर्तमानपत्रांत येऊ लागले. बोलपटांत कामे मिळाली. पुढे रेडिओवर बोलताना वेळेचे भान राहीना, म्हणून ते गजराचे घड्याळच जवळ ठेवीत. गजर झाला की भाषण संपले! १९३१ च्या दुष्काळात त्यांनी ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सॉ राज्यांत खेळ केले नि उत्पन्न मदतीला दिले.

१५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात विमान कोसळून त्यांचा अंत झाला. पण शेवटपर्यंत त्यांनी आपली बोली सोडली नाही.

गुरुजी, वर्गात एखाद्या पोराच्या बोलीला इतर मुले हसली, तर त्याला खाली बसवू नका. त्याला पुढे बोलू द्या.